दुसरी भाषा कोणती?

सुरत शहराच्या दक्षिणेस, पांडेसराच्या औद्योगिक वसाहतीला लागून, बमरोली नावाचे गाव आहे. २००६ साली ते महानगरपालिकेच्या हद्दीत आले. यंत्रमागांच्या रोजगारासाठी धुळे, जळगाव, नंदुरबार या खानदेशी मुलखातून आलेली पुष्कळ कुटुंबे या बाजूस स्थायिक झाली आहेत. सुरतेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते. तेथे नाव घालताना मुलाची मातृभाषा मराठी अशी नोंद होते. पण कित्येकांच्या घरी बोलली जाते ती अहिराणी. अशा मुलाला शाळेतील मराठी हीच दुसरी भाषा, आणि गुजराती तिसरी. २०२३ साली गुजरात विधानसभेने कायदा करून पहिलीपासून आठवीपर्यंत सर्व शाळांत गुजराती शिकवणे बंधनकारक केले. मग या मुलाने कोणती भाषा कोणत्या भाषेच्या आधारे शिकावयाची?

आमच्या वाचकांस हा पेच नवा वाटू नये. घरात कोंकणी आणि देवळात पुराण-कीर्तन मराठीत, अशा वातावरणात गोमंतकातील कित्येक पिढ्या वाढल्या. मराठी ही आपण 'शिकलो', की ती आपल्याला 'येतच होती', असे त्या पिढ्यांतील कोणास विचारले असते तर उत्तर सोपे गेले नसते.

ग्रियर्सनने आपल्या भाषापाहणीत १९०५ च्या सातव्या खंडात कोंकणीला मराठीच्या पदराखाली घेतले, आणि नवव्या खंडाच्या १९०७ च्या भागात खानदेशीला मात्र भिल्ली बोलींच्या शेजारी नेऊन बसवले. एक घरची भाषा आत, दुसरी बाहेर! या वाटणीवर वाद पुष्कळ झाले. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४२ साली 'द फॉर्मेशन ऑफ कोंकणी' हा ग्रंथ प्रसिद्ध करून कोंकणीची घडण स्वतंत्रपणे तपासली. त्याच साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजची सूत्रे त्यांच्या हाती आली.

या संस्थेचे मूळ धर्मकार्यात आहे, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर त्या निधीतील काही रक्कम वळवून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडण्यात आली. तिचेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. १९३४ साली ते बंद पडले आणि १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. व्याकरणशास्त्राच्या पठणासाठी निघालेल्या दक्षिणेच्या पैशाचा ओघ शेवटी भाषाशास्त्राकडेच वळला, हा योग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. १९५० नंतरच्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने येथे भाषाशास्त्राची सत्रे भरू लागली, आणि निरनिराळ्या प्रांतांतील अध्यापक कानाने भाषा टिपण्याची शिस्त शिकून गेले. १९६९ साली म्हैसूरला भारतीय भाषा संस्थान निघाले. त्याचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यास आले आणि परप्रांतीय शिक्षकांस मराठी, गुजराती व सिंधी या भाषा दुसरी भाषा म्हणून तेथे शिकवल्या जाऊ लागल्या.

भाषाशिक्षणाचे हे शास्त्र तेव्हा पश्चिमेतही नवेच होते. शिकणाऱ्याच्या अडचणी त्याच्या स्वभाषेची नव्या भाषेशी तुलना करून आधीच ओळखता येतात, असे रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली मांडले. दहा वर्षांनी पिट कॉर्डर यांनी निराळाच मुद्दा पुढे आणला: शिकणाऱ्याची चूक हा त्याच्या मनात बनत असलेल्या नियमांचा पुरावा असतो.

हे दोन्ही विचार बमरोलीच्या वर्गात लावून पाहावेत. अहिराणीत 'ळ' चा 'य' होतो. 'शाळा' ची 'शाया' होते. मुलाने तसे म्हटले तर त्याने नियम मोडलेला नसतो, घरचा नियम पाळलेला असतो. उलट मराठी 'आहे' साठी तो 'शे' म्हणत असेल, तर तो गुजराती 'छे' च्या निम्म्या वाटेवर आधीच येऊन पोचला आहे. येथे कोंकणीचाही दाखला घेता येईल. मराठी 'घोडा', पण कोंकणी आणि गुजराती दोहोंतही 'घोडो'. मराठीत 'मी', पण कोंकणीत 'हांव' आणि गुजरातीत 'हुं', दोन्ही संस्कृत 'अहम्' च्या कुळातले. तीन लिंगे तर तिन्ही भाषांनी जपली. मराठी मुलाला मौज वाटावी असे शब्दही आहेतच. गुजराती माणूस 'मारुं' म्हणतो तेव्हा तो मारायला उठलेला नसतो, 'माझे' एवढेच सांगत असतो.

पुण्याच्या केंद्रात परप्रांतीय प्रौढ शिक्षकाला मराठी शिकवताना अशा तुलनेचा उपयोग करता येतो. बमरोलीतील सहा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला ती सहसा येत नाही, कारण मराठी माध्यमाचे पाठ्यपुस्तक मराठी ही त्याची मातृभाषाच आहे असे धरून चालते. त्याच्या 'शाया' वर लाल शाईची रेघ पडते, आणि ती रेघ त्याच्या आईच्या बोलण्यावरही पडलेली आहे, हे मुलाला शिक्षकाच्या आधी उमगते.