'सार्वकालिक जीवन': एका शब्दाची मराठीतील वाटचाल

धारवाडच्या सप्तापुरासारख्या वस्तीत राहणाऱ्या मराठी वाचकाला एक लाभ अनायासे मिळतो; कोणताही ग्रंथ हाती घेतला की त्याचा कन्नड अवतार शेजारी ठेवून पाहता येतो. योहानाचे शुभवर्तमान या रीतीने वाचीत असता आम्हांस असे आढळले की, प्रचलित मराठी बायबलात जेथे 'सार्वकालिक जीवन' असा शब्दप्रयोग येतो, तेथे कन्नडात 'नित्यजीव' असे पद योजिले आहे. वरवर पाहता दोहोंचा अर्थ एकच. परंतु थोडा विचार करताच ध्यानी येते की, दोन शेजारभाषांनी एकाच ग्रीक कल्पनेला दोन निरनिराळ्या दारांनी आत घेतले असून दोन्ही उंबरठ्यांवर वाचकाला ठेच लागण्याचा संभव आहे. वर्गात रेव्हरंड टिळकांची कविता शिकविताना 'म्हणजे ख्रिस्ती लोकांचा मोक्ष' असे सांगून पुढे जाण्याची आपणां शिक्षकांस सवय आहे. ती कितपत बरी, हे पाहण्याचा येथे हेतू आहे.

मूळ ग्रीक शब्द 'झोए आयोनिओस'. 'झोए' म्हणजे जीवन आणि 'आयोनिओस' हे 'आयोन' म्हणजे युग या नामापासून झालेले विशेषण. यहुदी धर्मचिंतनात चालू युग आणि येणारे युग असा भेद केलेला असे. दानिएलाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात धुळीत निजलेले लोक जागे होतील, अशी जी आशा प्रकट झाली आहे ती या येणाऱ्या युगाची होय. तेव्हा 'आयोनिओस' या विशेषणात अखंडता असली तरी त्याचा गाभा 'त्या युगाचे जीवन' असा आहे. निकीयाच्या मतांगीकाराच्या अखेरीस येणाऱ्या जगाच्या जीवनाचा जो उल्लेख येतो, त्यात हा जुना अर्थ जसाच्या तसा राहिला आहे.

योहानाने याच कल्पनेला एक विलक्षण वळण दिले. त्याच्या मते त्या युगाचे जीवन मरणानंतर सुरू व्हावयाचे नसून विश्वास ठेवणाऱ्याच्या ठायी ते आजच सुरू झालेले असते. सतराव्या अध्यायात तर त्याने त्याची व्याख्याच केली आहे: देवाला आणि त्याने पाठविलेल्या ख्रिस्ताला ओळखणे, हेच ते जीवन. येथील 'ओळखणे' हे पोथीतले ज्ञान नव्हे. इब्री भाषेत पतिपत्नींच्या जवळिकीलाही हाच शब्द लावतात. मग हे जीवन किती काळ टिकते, हा प्रश्न मागे पडतो आणि ते कोणाच्या संगतीत आहे, हा प्रश्न पुढे येतो.

आता 'सार्वकालिक' हा शब्द पाहा. सर्व काळांना व्यापणारे, एवढेच तो सांगतो. त्याचे मोजमाप काळाचे आहे. ऐकणाऱ्याच्या मनात न संपणारे आयुष्य उभे राहते. आणि न संपणारे आयुष्य ही आपल्या परंपरेत वर नसून शापही असू शकते, हे अश्वत्थाम्याची कथा ठाऊक असलेल्या मराठी माणसाला सांगावयास नको. 'नित्यजीव' या पदाची अडचण निराळी आहे. कन्नडात 'जीव' म्हणजे प्राण, आयुष्य असाही अर्थ होतो, हे खरे. परंतु ज्या धारवाडात बासेल मिशनने १८३७ साली ठाणे घातले आणि जेथे कोशकार किट्टेल यांनी काही वर्षे काढली, तेथील माध्व घरांतून 'नित्य' आणि 'जीव' हे शब्द आधीच एका पक्क्या सिद्धांताने बांधलेले होते. मध्वाचार्यांच्या मते जीव अनादि आणि स्वभावतःच नित्य आहे. ख्रिस्ती सिद्धांत याच्या उलट सांगतो: मनुष्य स्वभावतः मर्त्य असून ते जीवन त्याला दान म्हणून लाभते. पौल तर पापाचे वेतन आणि देवाचे दान असा विरोधच मांडतो.

'जीवन' या शब्दाबाबत मात्र मराठी भाग्यवान ठरली, असे आम्हांस वाटते. आपल्या जुन्या काव्यात 'जीवन' म्हणजे पाणीही. योहानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीला येशू ज्या पाण्याविषयी सांगतो, ते पिणाऱ्याच्या अंतरी झरा होऊन सार्वकालिक जीवनासाठी उसळते. ग्रीकात नसलेला हा श्लेष मराठीत आपोआप घडून आला आहे.

ही शब्दनिवड एका दिवसात झाली नाही. १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचिले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. या इंग्रज जेझुइटाने 'वैकुंठ', 'मुक्ती' असे शब्द निःशंकपणे उचलले. श्रोता कोण आहे, हे त्यांस पुरते ठाऊक होते. पण वैकुंठ हे एक स्थळ आहे. तेथे मरणोत्तर जावयाचे असते. योहानाचा 'आज' त्या शब्दात मावत नाही. पुढे श्रीरामपुरास विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केलेला मराठी नवा करार १८११ साली निघाला आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनचा १८२६ साली. या प्रॉटेस्टंट भाषांतरकारांना पुराणातील शब्दांची धास्ती वाटे. पुराणगंध नसलेला, थोडासा कोरडा 'सार्वकालिक' पुढे रूढ झाला, तो याच वृत्तीला साजेसा आहे. पंडिता रमाबाईंनी तर मूळ इब्री व ग्रीकावरून केलेल्या आपल्या भाषांतरात जड संस्कृत परिभाषा टाळून साध्या मराठीचा हट्ट धरिला; १९२२ साली त्यांचे निधन झाल्यावर ते १९२४ साली संपूर्ण प्रसिद्ध झाले. मात्र केडगावच्या ज्या आश्रमात हे काम झाले त्याचे नाव 'मुक्ती' असेच होते, ही गंमत नोंदवून ठेवावीशी वाटते.

मोक्ष आणि हे जीवन यांतील अंतर दोन संवादांवरून चांगले कळते. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य संपत्तीची वाटणी करू लागतात तेव्हा मैत्रेयी विचारते की, वित्ताने भरलेली पृथ्वी लाभली तरी मी अमर होईन काय? मार्काच्या दहाव्या अध्यायात एक धनिक धावत येऊन विचारतो की, सार्वकालिक जीवनाचा वारसा मिळावा म्हणून मी काय करावे? दोन्हीकडे वित्त आडवे येते. मैत्रेयी ते सोडते. धनिक खिन्न होऊन परत जातो. पण उत्तरे किती भिन्न! मैत्रेयीला आत्मा जाणावयास सांगितले जाते, आणि देहापश्चात निराळी संज्ञा उरत नाही हे ऐकून ती गोंधळते. धनिकाला सांगितले जाते: सारे विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तेथे 'मी' आणि 'तू' विरघळत नाहीत.

याला जवळचे असे आपल्याकडे काही शोधावयाचे तर ते मोक्षात नव्हे, मोक्ष नाकारणाऱ्या तुकोबांत सापडते. मुक्ती नको, धन नको, संतांची संगत दे, मग खुशाल गर्भवासी घाल, अशी जी त्यांची मागणी आहे ती नात्याची मागणी आहे. पुनर्जन्म ख्रिस्ती मताला मान्य नाही, हा भेद लहान नव्हे. तरीही तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत, त्याचा अर्थ आम्ही असा लावतो की, संगतीला मुक्तीहून थोर मानण्याचा धडा त्यांनी आधीच गिरविलेला होता.

शिवाय ख्रिस्ती श्रद्धा नुसत्या आत्म्याच्या टिकण्याची नसून देहाच्या पुनरुत्थानाची आहे. म्हणून दफनाची चाल. रोमन कॅथलिक चर्चने दहनास मोकळीक दिली ती १९६३ साली. टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईस वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांच्या देहास अग्नी देण्यात आला आणि रक्षा अहमदनगरास नेण्यात आली. पुनरुत्थानावरील विश्वास त्यांनी सोडला होता, असे यावरून म्हणता येणार नाही. जो धुळीतून उठवितो त्याला राखेतून उठविणे जड नाही, इतकाच हिशेब त्यांच्या मनाशी असावा.