दुसऱ्याच्या जिभेवर किती भरवसा?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, शनिवार-रविवार एखाद्या शहरात जायचं, तर उत्तम रेस्तराँ निवडायचं कसं? यावर तुमचं तत्त्वज्ञान काही सांगतं का?" प्रश्न थट्टेत होता. मी मात्र तो घरी घेऊन गेलो. कारण हा प्रश्न माणसाला पडू लागला त्याला जेमतेम अडीचशे वर्षं झाली आहेत.

अठराव्या शतकात पॅरिसला आलेला परगावचा माणूस जेवायचा कुठे? बहुधा आपल्या खाणावळीसारख्या ठिकाणी. ठरलेली वेळ, एकच लांब टेबल, येईल ते खायचं, आणि शेजारचा उचलेल त्याआधी आपण उचलायचं. १७६०च्या दशकात तिथे नव्या तऱ्हेची दुकानं निघाली. 'रेस्तराँ' हे मुळात अशक्त माणसाला ताकद देणाऱ्या मांसरसाचं नाव. पुढे ते दुकानालाच चिकटलं. नवं काय होतं? वेगळं टेबल, आपल्या सोयीची वेळ, आणि किमती लिहिलेली पदार्थांची यादी. म्हणजे निवड आली. आणि निवड आली की घोटाळा आलाच!

तो सोडवायला १८०३ मध्ये ग्रिमो द ला रेनिएर या खवय्याने एक वार्षिक पुस्तक काढलं. पॅरिसच्या कुठल्या भागात काय चांगलं मिळतं, याची त्यात चक्क फेरी होती. पुढे त्याने परीक्षकमंडळ नेमलं. दुकानदारांनी पदार्थ पाठवायचे, मंडळाने खायचे, निकाल छापायचा. फुकटचं खाऊन दिलेल्या निकालाची लोकांना शंका येणारच, आणि ती आली.

आता गंमत बघा. याच्या तेराच वर्षं आधी, १७९० मध्ये, कांटने नेमकं उलट लिहून ठेवलं होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: एखाद्या पदार्थात माझ्या आवडीचे सगळे जिन्नस आहेत असं कुणी कितीही पटवून दिलं, तरी मी कान बंद करून तो स्वतःच्या जिभेवर ठेवणार, आणि मग ठरवणार. (कांट दुपारी सहसा पाहुण्यांशिवाय जेवत नसे, तेव्हा हा नुसता पुस्तकी माणूस समजू नका.) पण दोन दिवसांसाठी गेलेल्या प्रवाशाने काय करावं? चार-पाच जेवणं त्याच्या हातात. तो शहरभर जीभ लावत हिंडू शकत नाही. त्याला उसनी जीभ लागतेच.

ती उसनी जीभ पुढे कुणी पुरवली? टायर विकणाऱ्यांनी! मिशेलिन बंधूंनी १९०० मध्ये मोटारवाल्यांना फुकट वाटायला मार्गदर्शिका काढली. तेव्हा फ्रान्समध्ये मोटारीच जेमतेम काही हजार. लोकांनी फिरावं, म्हणजे टायर झिजतील, हा सरळ हिशेब. १९२६ मध्ये उत्तम जेवणासाठी तारा आला, नंतर दोन आणि तीन ताऱ्यांची उतरंड. १९३६ मध्ये त्यांचे अर्थ छापले गेले. एक तारा, म्हणजे आपल्या वर्गात फार चांगलं. दोन, म्हणजे वाट वाकडी करून जावं असं. तीन, म्हणजे मुद्दाम त्याच्यासाठी प्रवास करावा असं. नीट ऐकलंत? वरचे दोन अर्थ चवीपेक्षा अंतराबद्दल जास्त बोलतात. चव मोजता येत नाही हे कांटचं म्हणणं त्यांनी न वाचताच मान्य केलं, आणि त्याऐवजी किलोमीटर मोजले. शिवाय ग्रिमोच्या चुकीवर उपाय शोधला: परीक्षकाने नाव लपवायचं आणि बिल स्वतः भरायचं.

१९३३ मध्ये असे तीन-तीन तारे लियाँ शहरातल्या एका बाईंना मिळाले, तेही दोन ठिकाणी. युजेनी ब्राझिए. शेतावर वाढलेल्या, लहानपणी डुकरं राखलेली. लग्नाआधी मूल झालं, म्हणून घर सुटलं. शहरात श्रीमंतांकडे कामाला राहिल्या, तिथे स्वयंपाक हाती आला. १९२१ मध्ये र्यू रोयालवर स्वतःचं छोटं दुकान थाटलं. दुसरं ठिकाण शहराबाहेर डोंगरावर, लाकडी घरात. पुढे जगभर गाजलेला पोल बोक्यूज इथेच उमेदवारी करत होता. त्यांची कोंबडी प्रसिद्ध होती: कातडीखाली काळ्या ट्रफलच्या चकत्या सरकवून मंद शिजवलेली.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. ब्राझिएंचे पदार्थ मोजके, आणि वर्षानुवर्षं जवळजवळ तेच. म्हणजे माणूस घरी बसून पुस्तक चाळायचा, शेकडो ठिकाणांतून एक निवडायचा, मोटार काढून तिथे पोचायचा, आणि मग बाई वाढतील ते खायचा. पुन्हा खाणावळच की! फरक एवढाच की तिथे तो स्वतःच्या मर्जीने आलेला असे.

तर ज्यांनी विचारलं होतं त्यांना माझं उत्तर. दोन दिवसांत एकच जेवण उसन्या जिभेवर सोपवा, आणि ते महिनाभर आधी ठरवा. बाकीची आपल्या जिभेची. लियाँला गेलात तर 'बूशाँ' म्हणतात त्या साध्या जुन्या घरांतून जेवा. एखादं फसेल, फसू द्या. आणि तारीख घेण्याआधी वार बघा. तिथली बरीच नामांकित रेस्तराँ रविवारी बंद असतात.