घरचा पाव : एका उमेदवारीचा इतिहास

इ. स. २०२० च्या टाळेबंदींत ज्या अनेक वस्तु बाजारांतून एकाएकीं नाहींशा झाल्या, त्यांत यीस्टची पुडी ही एक होती. हातीं रिकामा वेळ आला, बाहेर जाण्याची चोरी झाली; तेव्हां पोळी-भाकरीपलीकडे ज्यांनीं पिठाची ओळख करून घेतली नव्हती अशा कितीएक सुशिक्षित कुटुंबांनीं पाव भाजावयास आरंभ केला. त्यांत आम्हींही होतों. आमचा पहिला पाव विळीला दाद देईना. अखेर तो नारळाप्रमाणें आपटून फोडावा लागला, आणि आंत निघाला तो पांढरा, चिकट, कच्च्या पिठाचा गोळा. घरांत ऐंशी ओलांडलेली मावशी आहे. ती म्हणाली, "अरे, पाव ही का घरीं करावयाची वस्तु आहे?"

मावशीचें बोलणें थट्टेचें होतें, पण त्यांतला प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नव्हता. पोळी घरची, भाकरी घरची, लोणचें-पापड घरचे; मग पावच तेवढा बाहेरचा कां?

सर्वत्र तसें नव्हतें. प्राचीन रोमविषयीं प्लिनीनें आपल्या निसर्गविषयक ग्रंथांत लिहून ठेविलें आहे कीं, मॅसिडोनियाच्या पर्सियस राजाशीं झालेल्या युद्धापर्यंत, म्हणजे नगराच्या स्थापनेनंतर ५८० हून अधिक वर्षें, रोममध्यें धंदेवाईक भटारी नव्हता. पाव ज्यानें त्यानें घरीं करावा, आणि तें काम बायकांचें, अशी रीत होती. घरची ही विद्या पुढें दुकानांत गेली. तिला पुन्हा घरीं आणण्याची खटपट फार उशिरा झाली. इंग्लंडांत एलिझा ॲक्टन या बाईंनीं १८५७ सालीं केवळ पावावर एक पुस्तक लिहिलें तें याच हेतूनें. लंडनचे पाववाले पाव पांढरा दिसावा म्हणून पिठांत तुरटी घालीत. ॲक्टनबाईंचें म्हणणें असें कीं, आपल्या घरांत काय शिजतें हें जिला कळावयास हवें असेल तिनें पाव भाजावयास शिकावें.

आमच्याकडे क्रम उलटा झाला. पाव प्रथम दुकानांत आला, आणि घराच्या उंबऱ्याशीं येऊन तीनचारशें वर्षें थबकला.

'पाव' हा शब्द पोर्तुगीज भाषेंतला. त्याचें मूळ लॅटिन. पोर्तुगीजांच्याच गलबतांतून तो जपानपर्यंत गेला, आणि जपानी लोक आजही पावाला 'पान' म्हणतात. आमच्याकडे मात्र, पीठ पायांनीं तुडवितात म्हणून तो पाव, अशी व्युत्पत्ति घरोघरीं सांगितली जाई. ती व्युत्पत्ति म्हणून खोटी आहे, पण तिटकाऱ्याचा पुरावा म्हणून खरी आहे. लहान मुलाला एखाद्या वस्तूपासून दूर ठेवावयाचें असेल तर याहून चांगली व्युत्पत्ति कोणता पंडित देईल?

१५१० सालीं आफोन्सो द आल्बुकेर्कनें गोवें घेतलें. पावावांचून ज्यांचें जेवण होत नाहीं असे लोक तेथें कायमचे येऊन राहिले. त्यांच्यापुढें अडचण उभी राहिली ती आंबवणाची. गॉल व स्पेनमधील लोक धान्याच्या मद्यावरचा फेस पिठांत घालतात व त्यामुळें त्यांचा पाव इतरांपेक्षां हलका होतो, असें प्लिनीच नमूद करतो. गोव्यांत तसलें मद्य नव्हतें. पण माड होते. माडाचा रस झाडावरून उतरतांना गोड असतो आणि कांहीं तासांतच फसफसूं लागतो. गोव्यांत तिला सूर म्हणतात. ही सूर गव्हाच्या पिठांत घातली आणि पाव फुगला. सासष्टींतील माजोर्डें गांवच्या लोकांना ही विद्या जेझुइट पाद्र्यांनीं शिकविली अशी तिकडची परंपरा आहे. तेथून पोदेर ही जात नव्हे पण जातीसारखीच घट्ट अशी एक बिरादरी तयार झाली. पोय, उंडो, बांगडीसारखें कांकण हीं तिचीं अपत्यें. पुढें मुंबईंत पाव रुजविणाऱ्यांतही गोवेंकर भटारी आघाडीवर होते.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. गोव्यांतील ख्रिस्ती गृहिणी तीच सूर तांदुळाच्या पिठांत घालून घरीं सान्नां करी. म्हणजे आंबवण तिच्या हातचें होतें. तरी पाव मात्र ती पोदेराकडूनच घेई. कारण भट्टी. जुन्या पद्धतीच्या घुमटाकार भट्टींत लांकडें आंतच जाळावयाचीं, विटांनीं पोटभर उष्णता प्याली म्हणजे निखारे ओढून बाहेर काढावयाचे, आणि मग विटा जी उष्णता परत देतात तिच्यावर पाव भाजावयाचा. पहिल्या कडक आंचेवर पाव, आंच उतरल्यावर बिस्किटें. एका कुटुंबाच्या चार पावांसाठीं एवढी लांकडें कोण जाळील? युरोपांतील खेड्यांतूनही पुष्कळदां सगळ्या गांवास मिळून एकच भट्टी असे. तेव्हां पाव बाहेरचा राहिला याचा सगळा दोष सोंवळ्यावर टाकणें बरोबर नाहीं. सरपणाचाही त्यांत वांटा होता.

सोंवळ्याचा वांटा मात्र मोठा होता. वसईकडे विहिरींत पाव टाकून अख्खें गांव बाटविल्याच्या कथा पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या. त्यांत इतिहास किती हा प्रश्न वेगळा. परंतु एका पावानें सबंध विहीर बाटते यावर लोकांचा विश्वास होता, आणि भीतीला तेवढें पुरतें. पुण्यांत ही भीति चव्हाट्यावर आली ती ऑक्टोबर १८९० मध्यें. पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानासाठीं जमलेल्या मंडळींपुढें चहा आणि बिस्किटें ठेवण्यांत आलीं. कोणी घेतलीं, कोणी नुसता पेला हातांत धरून खालीं ठेविला. गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें 'पुणेंवैभव' पत्रांत येतील अशी तजवीज केली, आणि ग्रामण्य उभें राहिलें. त्या यादींत रानडे होते, टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी बसली. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें आणि सुधारकांचा रोष पत्करला. एका बिस्किटाचा तुकडा हायकोर्टांत जावयास निघालेल्या न्यायाधीशापेक्षां भारी ठरावा, असा तो काळ होता. वाद बिस्किटाच्या चवीविषयीं मुळींच नव्हता. तें कोणाच्या हातचें व कोणाच्या पाण्याचें, एवढाच होता. हें व्यापाऱ्यांनीं पंडितांच्या आधीं ओळखलें. त्याच शतकाच्या अखेरीस दिल्लींत 'हिंदु बिस्किटें' निघालीं, तीं उच्चवर्णीयांच्या हातचीं अशी जाहिरात करून विकलीं जात.

आतां आमच्या स्वयंपाकघराकडे वळूं. तेथें जें होतें तें पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें. वऱ्हाड-खानदेशांतले रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजले जातात. तें भाजणें भट्टीचेंच. मुंबईच्या पाठारे प्रभूंच्या घरांतील भानोलें पातेल्यांत घालून खालीं विस्तव आणि झांकणावर निखारे ठेवून भाजीत. खालून-वरून सारखी कोरडी आंच देणें, हेंच भट्टीचें तत्त्व. पीठ तिंबून त्याला झांकून मुरूं देणें हें तर पोळी लाटणाऱ्या प्रत्येक घरांत चालतें. त्या अर्ध्या तासांत पिठांतला चिवटपणा सैल होतो आणि पोळी ताणली तरी फाटत नाहीं. पावाच्या पिठाला विसांवा देतात तो याचसाठीं. आंबवण डोशांत होतें. म्हणजे आंच, मळणी, आंबवण हीं तिन्ही अंगें घरांत वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसलेलीं होतीं. त्यांची एकमेकांशीं गांठ कोणी घालून दिली नव्हती.

ती गांठ थोडीबहुत पडली ती नानकटाईच्या निमित्तानें. सुरतेस डच वखारींतल्या भट्टीचा वारसा पारशी भटाऱ्यांकडे आला. ताडीनें फुगविलेला पाव खपेना म्हणून तो वाळवून विकूं लागले, आणि त्यांतून पुढें नानकटाईचा जन्म झाला, अशी तिकडे सांगतात ती हकीकत आहे. नानकटाईंत ताडी नको, अंडें नको. तूप, साखर, मैदा एवढ्यावर भागतें. मग सोंवळें कोठें अडणार? महाराष्ट्रांतील शहरांतून दिवाळीपूर्वीं किंवा मे महिन्यांत एक देखावा दिसे. घरचें तूप, रवा, मैदा, साखर पिशव्यांत भरून बायका-मुलें बेकरीवर जात. तेथें पीठ आपल्या डोळ्यांदेखत फेंसून घ्यावयाचें, पत्र्यांवर गोळे मांडावयाचे, पत्रा भट्टींत जाऊन येईतों बांकावर बसावयाचें आणि ऊन ऊन नानकटाई पत्र्याच्या डब्यांत भरून घरीं आणावयाची. मावशी लहानपणीं अशीच बेकरीवर जाई. तिच्या आजीला तो डबा देवघराच्या खोलींत ठेवलेला चालत नसे. पाव घरांत येई तो केवळ तापांतून उठलेल्या माणसाला दुधांत कुसकरून देण्यापुरता. बेकरीच्या त्या बांकावर आमच्या बायकांनीं भट्टीचें पहिलें शिक्षण घेतलें असें आमचें मत आहे. तूप पांढरें होईतों फेंसल्याशिवाय नानकटाई खुसखुशीत होत नाहीं, हें त्या तेथें पाहून शिकल्या.

राहिलें माप. चिमूटभर, मूठभर, अंदाजानें, ही आमच्या पाकशास्त्राची परिभाषा. आमटीला ती शोभते, कारण आमटी चाखून सुधारतां येते. भट्टींत गेलेला पाव चाखतां येत नाहीं. ही अडचण पाश्चात्त्य गृहिणींनाही होतीच. ॲक्टनबाईंनीं १८४५ च्या आपल्या पाकपुस्तकांत कृतीअखेर जिन्नसांचें प्रमाण आणि लागणारा वेळ वेगळा काढून देण्याचा प्रघात पाडला. १८९६ सालीं बोस्टनच्या फॅनी फार्मर यांनीं पेला आणि चमचा शीग न ठेवतां सपाट भरूनच मोजावा असा आग्रह धरला. प्रकाशकाला या पुस्तकाचा इतका थोडा भरंवसा होता कीं, पहिल्या तीन हजार प्रतींचा खर्च त्यानें बाईंवरच टाकला! आंचेचें माप त्याहून उशिरा आलें. भट्टींत हात धरून किंवा पीठ टाकून तें किती वेळांत करपतें हें पाहून आंच ओळखीत. कांटा फिरवून उष्णता कायम राखणाऱ्या गॅसच्या शेगड्या इंग्लंडांत घरोघरीं जाऊं लागल्या त्या १९२३ नंतर. मराठींत कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नें (१९७०) वाटी-चमच्याचें माप धरलें, आणि सासरीं-माहेरीं कोणी शिकवावयास नसलेल्या मुलींना तें पुस्तकच गुरु झालें.

आंबवणाचें कोडें उलगडलें तें शास्त्रज्ञांनीं. लेव्हेनहुकनें १६८० सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं यीस्टचे कण पाहिले, पण ते सजीव आहेत हें १८३७ च्या सुमारास तिघां संशोधकांनीं स्वतंत्रपणें दाखविलें, आणि पाश्चरनें पुढें तें निर्विवाद केलें. आमच्या पहिल्या पावाचा इतिहास येथें स्पष्ट होतो : यीस्ट आम्हीं कढत पाण्यांत टाकलें होतें. जीव तो, साठ अंशांच्या आसपास मरतोच. दुसऱ्या वेळीं पाणी हाताला सोसेल असें घेतलें आणि परदेशी पुस्तकांत लिहिल्याप्रमाणें पीठ बरोबर दोन तास झांकून ठेविलें. पुस्तक थंड देशाचें, आणि आमचा महिना मे. दोन तासांनीं पाहतों तों पीठ परातीबाहेर येऊन बसलें होतें, त्याला आंबूस वास सुटला होता आणि बोट लावतांच तें फसकन् खालीं बसलें. जिला पिठांतलें कांहीं कळत नाहीं असें आम्हीं समजत होतों त्या मावशीनेंच सांगितलें कीं, उन्हाळ्यांत डोशाचें पीठ घड्याळ पाहून ठेवीत नाहींत, पीठ पाहून ठेवतात.

तिसऱ्या वेळीं तराजू आणला. शंभर भाग मैद्यास बासष्ट भाग पाणी, एक भाग कोरडें यीस्ट, आणि मीठ. घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेविलें. पीठ दुप्पट झालें तेव्हां त्याचा गोळा घट्ट वळला, पुन्हा फुगूं दिला, आणि विजेची भट्टी पुरती तापल्यावरच आंत सारला. पाऊण तासानें काढला तो बुडाशीं वाजवून पाहिला. पोकळ, मडक्यासारखा आवाज आला. सुरी लागली.

मावशीनें एक काप चहांत बुडवून खाल्ला. मग दुसरा, चहावांचून. म्हणाली, "झालाय खरा. पण मीठ कमी पडलें." पाहिलें तों वही सांगत होती, शंभरास दोन भाग, आम्हीं एकच घातलें होतें.