टक्कर सायकलची आणि मोटारीची : दोष कोणाचा?

सायकल आणि मोटार यांच्या टकरीविषयी बोलायचे आहे. पण सुरुवात एका गाढवापासून करावी लागते. रागावू नका, गाढव खरे आहे आणि त्याचा निकाल कायद्याच्या पुस्तकांत आजही शिकवला जातो.

इंग्लंडातला हा खटला 1842 सालचा. एका माणसाने आपल्या गाढवाचे पुढचे दोन्ही पाय दोरीने बांधले आणि त्याला रस्त्याच्या कडेला चरायला सोडले. तीन घोड्यांचा गाडा उतारावरून भरधाव आला. गाडीवान घोड्यांच्या जवळ नव्हता, मागे राहिला होता. गाढवाला पळता येईना. ते चाकाखाली मेले. गाडामालक म्हणाला, "सरकारी रस्त्यावर पाय बांधलेले जनावर सोडले, चूक त्याची." न्यायमूर्ती म्हणाले, चूक असेलही, पण समोर गाढव दिसत असताना बेताने हाकणे गाडीवानाच्या हातात होते. ज्याला शेवटच्या घटकेला अपघात टाळता आला असता, त्याने टाळला नाही तर भार त्याच्यावर. गाढवाच्या धन्याला भरपाई मिळाली.

याच्या आधी, 1809 सालच्या एका खटल्यात, बरोबर उलटे झाले होते. घराच्या दुरुस्तीसाठी एकाने रस्त्यावर आडवा वासा टाकला होता. दिवेलागणीला एक स्वार गुत्त्यातून निघाला, घोडा फेकीत आला, वाशाला अडखळून पडला आणि जबर जखमी झाला. वासा शंभर यार्डांवरून दिसत होता, अशी साक्ष झाली. तेव्हा कोर्टाने ठरवले की स्वाराने स्वतः सावधगिरी बाळगली नाही, म्हणून त्याला एक पैही नाही. वासा टाकणारा साफ सुटला. जखमी माणसाचा थोडा जरी दोष निघाला तरी त्याचा दावा बुडाला, असा हा जुना कडक न्याय होता. गाढवाच्या निकालाने त्या भिंतीला पहिली फट पाडली.

मग रस्त्यावर सायकल आली. ही गाडी म्हणायची की खेळणे, हाच प्रश्न पडला. लंडनजवळच्या एका टेकडीवरून सुसाट उतरणाऱ्या सायकलस्वाराने एकाला पाडले, तेव्हा 1879 साली कोर्टाने सांगितले की सायकल हीसुद्धा गाडीच. म्हणजे गाडीवानाची जबाबदारी सायकलवाल्यालाही आली, आणि त्याबरोबर रस्त्यावरचा हक्कही आला. हे दुसरे आपण पुष्कळदा विसरतो. मोटारवाला भोंगा वाजवून सायकलवाल्याला मातीत उतरवतो, तेव्हा रस्ता आपल्या वडिलांचा आहे असेच त्याला वाटत असते. मोटार आणि सायकल यांची गाठ पडायलाही फार वर्षे लागली नाहीत. न्यू यॉर्क शहरात 30 मे 1896 रोजी एका मोटारीने सायकलवरच्या बाईला धडक दिली. बाईचा पाय मोडला आणि मोटार हाकणाऱ्याला रात्र कोठडीत काढावी लागली.

आपल्याकडे मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा 1914 चा, दुसरा 1939 चा. या दुसऱ्या कायद्याने मोटारवाल्यावर विम्याची सक्ती आणली. सायकलला विमा नाही, परवाना नाही; धडक बसली तर स्वाराचे अंग आणि त्याच्या घरच्यांचे नशीब. सुरुवातीला भरपाईसाठी दिवाणी कोर्टात दावा लावावा लागे, स्टँपाचा खर्च आणि वर्षानुवर्षांच्या तारखा. 1956 च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची वाट मोकळी झाली. सध्याचा कायदा 1988 चा आहे.

आता दोष कसा ठरतो ते पाहू. गावात टक्कर झाली की चावडीवर निकाल तयार असतो : मोठ्या गाडीची चूक. शहरातल्या मोटारवाल्यांचा निकालही तयार असतो : सायकलवाला मध्ये आला. न्यायाधिकरण या दोन्हींवर चालत नाही. ते पंचनामा बघते. रस्ता किती रुंद, ब्रेकचे व्रण किती फूट, काचेचा चुरा कोठे पडला, सायकल कोठे आणि माणूस कोठे. सायकलही बोलते. मागचे चाक आणि मडगार्ड चेपले असेल तर धक्का बहुधा मागून बसला. पुढचे चाक दुमडून हँडल फिरले असेल तर बहुधा समोरून. मोटारीच्या कोणत्या कोपऱ्याला पोचा आला, त्यावर सायकलचा रंग लागला आहे का, हेही पाहावे लागते. म्हणून शिक्षकांना आणि गावच्या जाणत्या मंडळींना एक विनंती : जखमीला आधी दवाखान्यात न्या, पण पोलीस येईपर्यंत सायकल उचलून झाडाला टेकवून ठेवू नका. वाहतूक अडली म्हणून हलवावीच लागली, तर आधी फोटो काढा. सायकल भिंतीला गेली की अर्धी साक्ष पुसली जाते.

कधी साक्षीदारच नसतो. 1960 च्या डिसेंबरात नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार रस्ता सोडून उजवीकडे गेली आणि झाडावर आदळली. आतला प्रवासी मेला. झाड डांबरी रस्त्यापासून चार फूट दूर होते. सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली सांगितले की येथे वस्तुस्थितीच बोलते आहे. सरळ जाणारी मोटार झाडाकडे का गेली, याचा खुलासा दुसऱ्या बाजूने करावा. सायकलस्वार रस्त्याच्या कडेला, आपल्या बाजूने जात असता मागून चिरडला गेला, तर त्याच्या बायकोलाही हाच तर्क उपयोगी पडतो.

आता दोष दोघांचाही असला तर? इंग्लंडने 1945 साली कायदा करून जुना कडक न्याय मोडला आणि दोषाची वाटणी सुरू केली. आपल्याकडे सबंध देशासाठी तसा कायदा झाला नाही. पण न्यायाला धरून म्हणून आपल्या कोर्टांनी ते तत्त्व उचलले. मुंबईतला एक खटला सर्वोच्च न्यायालयाने 2003 साली निकालात काढला. तरुण मुलगा सायकलवर, वाहतुकीचा नियम मोडून चाललेला. शहराच्या बसखाली सापडून मेला. आईवडिलांनी दावा केला. मुलाने नियम मोडला हे न्यायालयाने नजरेआड केले नाही. पण एवढ्यावरून बस सुटली असेही म्हटले नाही. दोषाचा चौथा हिस्सा मुलाच्या पदरी आला, बाकीचा बसच्या. आकड्यांत सांगायचे, तर नुकसान आठ लाखांचे धरले की घरच्यांच्या हाती सहा लाख येतात. 1809 च्या न्यायाने त्याच आईबापांना रिकाम्या हाताने परत पाठवले असते.

या वाटणीत एक खाच आहे, आणि वकिलाशी बोलताना ती ध्यानात असावी. नियम मोडला म्हणजे दोष आपोआप सिद्ध होत नाही. सायकलला रात्री दिवा नव्हता, पण टक्कर भर दुपारी झाली, तर दिव्याचा अपघाताशी संबंध काय? 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने परवाना नसलेल्या एका स्कूटरस्वाराविषयी हेच सांगितले : परवाना नसणे हा वेगळा गुन्हा; अपघातात त्याचा हात होता का, ते निराळे दाखवावे लागते. लहान मुलांना तर मोठ्यांचा मापदंड लावीतच नाहीत. सात-आठ वर्षांचे पोर चेंडूमागे धावावे तशी सायकल वळवते. शाळेजवळ मोटार हळू नेणे हे म्हणूनच ड्रायव्हरचे काम.

फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा यांत गल्लत करू नये. ड्रायव्हरवर पूर्वी दंडविधानाच्या 279 आणि 304-अ कलमांखाली खटला होई. 1 जुलै 2024 पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेची 281 आणि 106 ही कलमे आली. तेथे संशयाचा फायदा आरोपीला. न्यायाधिकरणात मात्र कोणती गोष्ट अधिक संभवते एवढेच तोलतात. "ड्रायव्हर निर्दोष सुटला, आता कसली भरपाई?" असे सांगून कोणी विधवेला घरी बसवू लागला, तर त्याचे ऐकू नये.

दोष सिद्ध करणेच ज्यांना झेपत नाही, त्यांच्यासाठी 1982 पासून वेगळी वाट आहे. तेव्हा मृत्यूला 15,000 रुपये मिळत. 2019 च्या दुरुस्तीने, 1 एप्रिल 2022 पासून, दोषाची चर्चा न करता मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, असे कलम 164 आहे. आणि धडक देऊन गाडी पळून गेली, नंबरही कोणी पाहिला नाही, तर मृत्यूला दोन लाख व गंभीर दुखापतीला पन्नास हजार सरकारी योजनेतून मिळतात. या शेवटच्या रकमेसाठी न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागत नाही. अर्जाची चौकशी प्रांत किंवा तहसीलदार यांच्या कचेरीत होते.