वाळा : उपटलेली मुळे, राखलेली मुळे

वाळा आपल्याला माहीत असतो तो मुळांपुरता. माठात सोडायची जुडी, खिडकीला लावायची ओली ताटी, सरबत आणि अत्तर यांपलीकडे ही ओळख जात नाही. आळंदीतल्या काष्ठौषधींच्या दुकानांत मला जुड्या हव्या तितक्या मिळाल्या. त्या मुळांवरचे गवत पाहिलेला माणूस मात्र क्वचितच भेटला.

या ओळखीला परंपरा मोठी. संस्कृतातला 'उशीर' तो हाच. 'शाकुंतला'च्या तिसऱ्या अंकाच्या आरंभी प्रियंवदा शकुंतलेसाठी उशिराचा लेप घेऊन निघालेली असते. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या वाळ्याच्या दालनांची नोंद केली आहे. त्यांवर पाणी शिंपडले की भर उन्हाळ्यात हिवाळा वाटे. पुढे साहेबांच्या बंगल्यांनीही हीच ताटी स्वीकारली. युरोपीय भाषांत रुळलेले 'व्हेटिव्हर' हे नाव तमिळ 'वेट्टिवेर'वरून आले. त्याचा अर्थच खणून काढलेले मूळ.

पण वाळ्याचा दुसराही एक इतिहास आहे आणि तो ग्रंथांत नाही, बांधावर आहे. कर्नाटकात म्हैसूरच्या दक्षिणेला गुंडलुपेट भागातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळा लावत आले. तिथे मूळ उपटायचे नसते, राखायचे असते. जॉन ग्रीनफील्ड यांनी १९५०च्या दशकात फिजीतल्या उसाच्या उतारांवर याच गवताने माती धरून दाखवली होती. १९८०च्या दशकात ते आणि रिचर्ड ग्रिमशॉ जागतिक बँकेच्या कामासाठी भारतात होते. त्यांनी या पद्धतीचा पाठपुरावा केला. १९८७ साली तिची पुस्तिका निघाली. आपल्याच शेजारच्या बांधावरचे शहाणपण असे फिजीचा वळसा घेऊन आपल्यापर्यंत आले.

महाराष्ट्राला तेव्हा मातीच्या बांधांची सवय होती. १९४२च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्यानंतर दख्खनमध्ये समपातळी बांधबंदिस्ती झाली; १९७२च्या दुष्काळातही हजारो हात याच कामाला लागले. त्या कामाचे मोल मोठेच. पण मातीचा बांध पाणी अडवतो. काळ्या जमिनीत ते बांधामागे तुंबते, उन्हाळ्यात बांधाला भेगा पडतात आणि मोठ्या पावसात तो फुटतो. वाळ्याची दाट रांग पाणी अडवत नाही, त्याचा वेग मोडते. पाणी पानांतून गाळून पुढे जाते, गाळ मागे राहतो आणि काही वर्षांत आपोआप पायरी तयार होते.

लावण अवघड नाही; शिस्त मात्र हवी. जुना ठोंब खणून त्याचे दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करायचे. पाने वीतभर आणि मुळे चार बोटे राखून छाटायची. पावसाळ्याच्या तोंडावर, उताराला आडवी सर काढून दर १० ते १५ सेंटिमीटरवर एकेक बेणे लावायचे. पहिल्या पावसाळ्यात सांधे भरावेत. खिंड राहिली की पाणी तिथूनच धावते. वर्षातून एक-दोनदा गुडघ्याएवढी कापणी केली की फुटवा दाट होतो. मुळे सरळ खाली, तीन-चार मीटरपर्यंत जातात, म्हणून शेजारच्या पिकाला फारसा जाच नाही. बेणे दक्षिणी जातीचे घ्यावे. त्याचे बी रुजत नाही, त्यामुळे ते तणासारखे पसरत नाही. उत्तरेकडची जात बी धरते.

कुरवंड्याजवळ उगम पावून देहू-आळंदीवरून तुळापूरला भीमेला मिळणाऱ्या इंद्रायणीसाठी मला हा दुसरा इतिहास महत्त्वाचा वाटतो. कार्तिकी वारीच्या दिवसांत अलीकडे आळंदीच्या घाटावर पांढरा फेस दिसतो, आणि वारकरी त्याच पाण्यात स्नान करतात. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद वाळा शोषतो, हे ऑस्ट्रेलिया, थायलंड आणि चीनमधल्या प्रयोगांत दिसले आहे. मात्र वाढलेली पाने कापून बाहेर न्यावी लागतात, नाहीतर ती कुजून सारे पुन्हा पाण्यातच जाते. म्हणून वाळ्याचे नाव पुढे करून शुद्धीकरण केंद्रांना सुट्टी देता येणार नाही. कारखान्यांचे आणि शहराचे मैलापाणी उगमापाशीच थांबवले पाहिजे. काठाची माती धरणे आणि ओढ्यांचा गाळ रोखणे, एवढेच काम या गवतावर सोपवता येईल.

तेही एका अटीवर. अत्तरासाठी मूळ काढायचे तर दीड वर्षाने जमीन खणावी लागते, आणि खणलेला काठ पहिल्याच पुरात जातो. तेलाचा वाळा शेतात लावावा. नदीकाठचा वाळा कोणी उपटू नये.