दीर्घ ग्रंथ आणि ऐकणारें गांव

गोंदिया शहराला लागून असलेलें फुलचूर हें धानाच्या मुलखांतलें गांव आहे. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा स्वतंत्र झाला. त्यापूर्वीं हा सारा भाग भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. या मुलखांत आषाढ-श्रावण हे महिने रोवणीचे. दिवसभर बांधीच्या चिखलांत वांकून पऱ्हे लावावयाचे आणि सायंकाळीं पाठ मोडून आली असतां घरीं परतावयाचें, असा तो काळ. नेमका हाच काळ चातुर्मासाचाहि. आणि मोठमोठ्या पोथ्या लावण्याची रूढि महाराष्ट्रांत या चातुर्मासांतच पडली. ज्या दिवसांत शरीर सर्वांत अधिक थकलेलें, त्याच दिवसांत सर्वांत लांब ग्रंथ हातीं घ्यावयाचा, हें प्रथमदर्शनीं विपरीत वाटतें. परंतु त्यामागें एक विचारपूर्वक घडलेली व्यवस्था होती, आणि तिचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

प्रथम या ग्रंथांचा विस्तार ध्यानांत घेतला पाहिजे. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्यें सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारें ९,००० आहेत. एकनाथी भागवत तिच्या दुपटीएवढें, १८,००० हून अधिक ओव्यांचें. नाथांचें भावार्थ रामायण तर ३७,००० ओव्यांच्याहि पुढें जातें. तें त्यांच्या हातून पुरें झालें नाहीं. युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत त्यांची लेखणी चालली आणि पुढील भाग गावबा या शिष्यानें तडीस नेला, अशी परंपरा आहे. श्रीधरांचा पांडवप्रताप (इ. स. १७१२) ६४ अध्यायांचा आहे. जो ग्रंथ लिहिण्यास एका मनुष्याचें आयुष्य पुरलें नाहीं, तो वाचण्याचा भार तरी एकट्या मनुष्यानें कसा उचलावा?

तो भार एकट्यानें उचलावा अशी अपेक्षाच नव्हती. लांबचा प्रवास जसा मुक्कामामुक्कामानें करावा, तसे या ग्रंथांना मुक्काम नेमून दिलेले असत. गुरुचरित्राचा सप्ताह करणाऱ्यानें कोणत्या दिवशीं कोणत्या अध्यायापर्यंत यावयाचें, हें ठरलेलें असतें. गोंदियाच्या सीमेला लागून बालाघाट जिल्हा, आणि तेथून हिंदी मुलूख सुरू होतो. तिकडील तुलसीदासांच्या रामचरितमानसांतहि नऊ दिवसांच्या आणि तीस दिवसांच्या पारायणाचे विश्राम दाखविण्याची चाल आहे. ज्ञानेश्वरी चार महिन्यांवर वांटली, तर दररोज सुमारें ७५ ओव्या येतात. एकनाथी भागवत वांटलें, तर दीडशेंच्या थोड्या वर. एवढा मजकूर थकलेल्या मनुष्यासहि ऐकवतो. ग्रंथाची लांबी पंचांगाकडे सोंपविलेली होती. वाचणाऱ्याच्या निग्रहाची कसोटी पाहण्याचा तेथें प्रश्नच नव्हता.

दुसरी गोष्ट आवाजाची. एकानें वाचावें, अर्थ सांगावा, आणि इतरांनीं ऐकावें. डोळे मिटले तरी कान उघडे असत; क्षणभर पेंग आली, तरी कथा शेजाऱ्याच्या कानांत जागी राही. ग्रंथकारांनाहि ही बैठक ठाऊक होती. श्रीधर मधून मधून श्रोत्यांना हांक मारतात, आणि नवा अध्याय आरंभतांना मागील कथेचा धागा पुनः जोडून घेतात. हातांत पुस्तक घेऊन सलग वाचणाऱ्या आधुनिक वाचकाला ही पुनरुक्ति पाल्हाळ वाटते. परंतु काल पावसानें अडकून पडलेला किंवा शेतावरून उशिरां परतलेला श्रोता याच पुनरुक्तीचा हात धरून कथेंत परत येत असे. पाल्हाळ म्हणून जें आज टाकाऊ ठरतें, तें त्या काळीं मागें राहिलेल्यासाठीं थांबणें होतें.

आयुष्य तोकडें आणि ग्रंथ लांब, ही तक्रारहि नवी नाहीं. भागवताचे १२ स्कंध आणि परंपरेनें मानलेले १८,००० श्लोक. तें ऐकणारा राजा परीक्षित सात दिवसांत तक्षकाच्या दंशानें मरणार, असा त्याला शाप झालेला. उरलेले दिवस थोडे, म्हणून त्यानें लहान ग्रंथ मागितला नाहीं. भागवत सप्ताहाच्या रूढीस आधार आहे तो या कथेचा. वेळ उरला म्हणजे मोठा ग्रंथ वाचूं, असें म्हणणाऱ्यास तिच्यांत उत्तर आहे.

तथापि या व्यवस्थेचें गुणवर्णन करतांना तिची दुसरी बाजू झांकून ठेवणें न्याय्य होणार नाहीं. अक्षरशून्य स्त्रीपुरुषांना तिनें महाकाव्यें दिलीं, हें खरें. पण अस्पृश्य गणलेल्या मनुष्यास त्या बैठकींत जागा नव्हती. चोखोबांना विठ्ठलाच्या देवळाबाहेर राहावें लागलें. अनेक गांवांत त्यांच्या जातिबांधवांच्या वांट्याला दूर उभें राहून कानीं पडेल तेवढेंच आलें. ग्रंथ सर्वांचा म्हटला जाई, परंतु बैठक सर्वांची नव्हती.

एकोणिसाव्या शतकांत छापखाना आला. मुंबईस गणपत कृष्णाजींसारख्यांच्या शिळाछापखान्यांतून धर्मग्रंथ निघूं लागले आणि हातानें उतरून घेण्याचे कष्ट संपले. ज्याला वाचतां येतें आणि ज्याच्यापाशीं पैसा आहे, त्याला आतां पुराणिकाची गरज उरली नाहीं. पण जुनी संवय एकदम गेली नाहीं. १८९० सालीं हरि नारायण आपटे यांनीं ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें, आणि ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ ही त्यांची दीर्घ कादंबरी त्यांतून क्रमशः प्रसिद्ध झाली. दर आठवड्याचा अंक हा नव्या काळचा अध्यायच होता. अनेक घरें एकाच वेळीं एकाच ठिकाणीं येऊन थांबत आणि पुढील आठवड्याची वाट पाहत. पुढें तीच कथा जाड पुस्तकाच्या रूपानें घरांत आली, तेव्हां मुक्काम गेले आणि सोबतहि गेली. स्वातंत्र्य मिळालें, त्याची किंमत म्हणून सारी लांबी एकट्याच्या अंगावर पडली.

याच पूर्व विदर्भांत या इतिहासाला पुढें एक वेगळें वळण मिळालें. ज्या भंडारा मतदारसंघांतून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९५४ ची पोटनिवडणूक लढविली, त्याच्या परिसरांतला हा मुलूख. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास त्यांनीं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्याच वर्षीं ६ डिसेंबरला त्यांचें निधन झालें, आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांचा मोठा ग्रंथ १९५७ मध्यें, त्यांच्या पश्चात्, इंग्रजींत प्रसिद्ध झाला. मराठी अनुवाद नंतर झाला. ग्रंथाचे आठ खंड, खंडांचे लहान लहान विभाग, आणि विधानांना क्रमांक. म्हणजे मुक्काम मूळ रचनेंतच आहेत. महाराष्ट्रांतील विहारांतून वर्षावासांत, आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, त्याचें क्रमानें वाचन करण्याची प्रथा रूढ झाली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पोथीच्या बैठकींत बसूं दिलें नाहीं, त्यांच्या नातवंडांनीं स्वतःची बैठक मांडली. तोच पावसाळा, तीच रोवणी, आणि हातांत स्वतःचा ग्रंथ. लांब ग्रंथ एकत्र बसून ऐकण्याची रीत चांगली होती; तिच्या दारावरची अडसर तेवढी वाईट होती, हें या घटनेनें सिद्ध केलें.

शहरांतील सुशिक्षित घरांत आज उलट स्थिति आढळते. कपाटांत जाडजूड कादंबरी असते, तिच्या ऐंशीव्या पानावर खूण घातलेली असते, आणि ती खूण वर्षभर जागची हलत नाहीं. दोष वाचणाऱ्याच्या बुद्धीला किंवा चिकाटीला दिला जातो. वस्तुतः उणीव निराळी आहे. आज कोठवर यावयाचें, हें कोणी ठरविलेलें नाहीं. आणि काल कोठें थांबलों होतों, हें सांगणारें शेजारीं कोणी नाहीं. रात्रीच्या जेवणानंतर घरांतील एकानें दहा पानें मोठ्यानें वाचावीं आणि दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं पुढें चालावें, एवढ्यानेंहि ती खूण हलूं लागेल. चार महिन्यांत बाराशें पानें होतात. आणि मधल्या एखाद्या सायंकाळीं वाचणारा उशिरां परतला, तर पुढें काय झालें असें विचारीत कोणी तरी दाराशीं उभें असेल.