गादीचा वाद

मराठी माणसाच्या इतिहासात गादीवरून जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरून झाली असतील असं मला वाटत नाही. आमच्या घराण्यात मात्र गादीचा वाद कधी उद्भवला नाही. कारण अगदी साधं आहे. आमच्या घराण्यात गादीच नव्हती. आजोबा घोंगडीवर झोपले, वडील सतरंजीवर झोपले आणि दोघंही सकाळी पाचला ताडकन उठले. १९८४ साली माझं लग्न झालं, सासऱ्यांनी कापसाच्या दोन गाद्या करून दिल्या आणि आमचं घराणं प्रथमच गादीवर आलं.

त्या गाद्यांनी चाळीस वर्षं राज्य केलं. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी ही पलंगाच्या कडेला धरून, हळूहळू, तीन हप्त्यांत उठली आणि कमरेवर हात दाबून म्हणाली, "आता या घरात एक तर ही गादी राहील, नाही तर मी."

कोणतीही वस्तू घ्यायची म्हटली की आधी तिचा इतिहास वाचायचा ही माझी जुनी खोड आहे. फ्रिज घेताना मी बर्फाच्या व्यापाराबद्दल इतकं वाचलं की तेवढ्यात उन्हाळा संपला. तेव्हा मी चष्मा पुसला आणि पुस्तकं काढून बसलो. ही म्हणाली, "वाचा. तोवर मी उभीच आहे. बसलं की परत उठवत नाही."

गादी हा शब्दच आधी मोठा विलक्षण आहे. ज्यावर राजा बसतो तीही गादी आणि ज्यावर आपण घोरतो तीही गादी. मला वाटत होतं, हे फक्त आपल्याकडेच. पण फ्रान्सचा राजा पॅरिसच्या पार्लमेंत, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयात, स्वतः येऊन उशा-लोडांच्या ज्या आसनावर बसायचा त्याला ते लोक 'न्यायाची शय्या' म्हणत. सोळाव्या लुईनं १७८७ आणि १७८८ साली ही शय्या अंथरली आणि १७८९ साली राज्यक्रांती झाली. अंथरूण पाहून पाय न पसरल्याचा याहून मोठा दाखला मला तरी ठाऊक नाही.

आपल्याकडे शाहू महाराजांना १७०८ मध्ये साताऱ्याला राज्याभिषेक झाला, ताराबाईंनी १७१० च्या सुमारास पन्हाळ्याला वेगळी गादी मांडली आणि एका घराच्या दोन गाद्या झाल्या. पुढे वीस वर्षं कटकट चालली. शेवटी १७३१ साली वारणेचा तह झाला. वारणा नदीच्या उत्तरेचा मुलूख साताऱ्याकडे, दक्षिणेचा कोल्हापूरकडे.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. अहो, हा तर आमचा पलंग! एका पलंगावर दोन गाद्या आणि मधून वाहणारी फट. उत्तरेला मी, दक्षिणेला ही. त्या फटीत आजवर दोन चष्मे, एक थर्मामीटर, असंख्य रुमाल आणि मुलगा लहान असताना एकदा खुद्द मुलगा वाहून गेला होता. पांघरुणावरून सरहद्दीवर चकमकी होत. तहाची कलमं मात्र कधी लिहून ठेवली नव्हती, त्यामुळे पंखा किती नंबरवर हा प्रश्न चाळीस वर्षं लोंबकळत राहिला. पंख्यासारखाच.

आता माणूस गादीवर झोपायला कधी लागला? दक्षिण आफ्रिकेत सिबुडू नावाची एक गुहा आहे. तिथे सत्त्याहत्तर हजार वर्षांपूर्वीची अंथरुणं सापडली. २०११ साली हे शोधन प्रसिद्ध झालं. लव्हाळ्यासारख्या गवताचे थर आणि त्यावर एका विशिष्ट झाडाची पानं. या पानांत कीटक पळवणारी द्रव्यं असतात. म्हणजे गादीच्या इतिहासाइतकाच ढेकणांचा इतिहासही प्राचीन आहे, आणि 'जरा गाद्या उन्हात टाका' असं नवऱ्याला सांगण्याचाही असणार. पुढेपुढे तर ही मंडळी जुनी अंथरुणं अधूनमधून जाळूनच टाकत. हे मी मुद्दाम मोठ्यानं वाचलं नाही. आमच्या गाद्यांच्या बाबतीत हिच्या डोक्यात नसते विचार यायला नकोत.

आपल्याकडे गादीचा सर्वांत बारकाईनं विचार केला तो संसार सोडलेल्या माणसांनी. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भिक्षूंच्या गादीत काय काय भरावं याची यादीच आहे. लोकर, चिंध्या, झाडाची साल, गवत आणि पानं. पाच जिन्नस. कापूस नाही! कापूस भरलेल्या पलंगावर झोपणं हा भिक्षूला दोष. कापूस मिळालाच तर पिंजून त्याची उशी करावी, आणि उशीसुद्धा डोक्याएवढीच. कमरेपर्यंत पोचेल इतकी लांबलचक उशी करणाऱ्या काही चलाख भिक्षूंमुळे हा नियम करावा लागला. भाज्याच्या लेण्यांत भिक्षूंच्या खोल्यांत दगडी ओटे आहेत. मी शाळेच्या सहलीत त्यावर आडवा होऊन पाहिलं होतं. निर्वाणाची ओढ का लागते ते अर्ध्या मिनिटात कळलं.

अरबांनी जमिनीवर टाकलेल्या अंथरुणाला 'मत्रह' म्हटलं. टाकणे या धातूवरून आलेला शब्द. तो इटलीत गेला, फ्रान्समधून इंग्रजीत गेला आणि त्याची 'मॅट्रेस' होऊन तो आपल्या दुकानांच्या पाट्यांवर परत आला. आपण मात्र तोवर गादीच म्हणत होतो, आणि गादी म्हटली की पिंजारी आला. खांद्यावर ती लांबलचक पिंजण घेऊन तो गल्लीत शिरायचा, तिच्या तातीचा टँव् टँव् असा आवाज काढायचा आणि सगळ्या वाड्याच्या गाद्या अंगणात यायच्या. वर्षभर अंगाखाली दबून गठ्ठा झालेला कापूस तो तातीवर धरून असा उडवायचा की अंगणात हिमालय उभा राही. मग तो पट्ट्यापट्ट्यांच्या गादीपाटात भरायचा, वर काठी आपटून सारखा करायचा आणि मोठ्या सुईनं टाके घालायचा. कापसाच्या गादीचं सगळं मर्म यात आहे. ती मरत नाही, दबते. ऊन आणि पिंजण मिळाली की पुन्हा उठून बसते. आमच्या गल्लीत पिंजारी यायचा थांबला आणि आमची गादी उठायची थांबली. माझ्या बाजूला माझ्या आकाराचा खळगा पडला. त्यात मी इतका बरोबर बसायचो की मला ते सुखच वाटे.

हिच्या बाजूला खळगा पडला नाही. तिथे फळी होती.

या फळीबद्दल मला जरा सविस्तर सांगायला हवं. १९९८ च्या सुमाराला हिची कंबर धरायला लागली. त्या काळी कंबर म्हटली की डॉक्टर, शेजारी, आत्याबाई, रिक्षावाला, सगळे एकच सांगत: कडक झोपा. मी त्याच संध्याकाळी पाऊण इंची प्लायवूडची फळी कापून आणली, हिच्या बाजूला ठेवली, वर ती दबलेली गादी टाकली आणि कर्तव्यदक्ष नवऱ्याच्या चेहऱ्यानं चहा मागितला. "टोचतंय हो," ही म्हणाली. मी म्हटलं, "औषध कडूच असतं." त्यानंतर ती कधी काही बोलली नाही. मला वाटलं, बरं वाटत असेल.

असो. आम्ही दुकानात गेलो. दुकान कसलं, गाद्यांचा दरबारच तो. विक्रेत्यानं पहिला प्रश्न टाकला, "सर, ऑर्थो की लक्झरी?" ऑर्थो म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, "कडक असते सर." लक्झरी म्हणजे? "ती महाग असते सर." मग त्यानं एकेक गादी पेश करायला सुरुवात केली, आणि मी प्रत्येक गादीची वंशावळ त्याला ऐकवायला सुरुवात केली.

काथ्याच्या गादीवर त्यानं हात आपटला. मी सांगितलं, नारळाचा काथ्या कुरळा करून त्यावर रबराचा चीक मारतात, आणि १९६२ साली कर्लऑन निघाल्यापासून घराघरांतल्या कापसाची सद्दी संपत गेली. लेटेक्स दाखवल्यावर मी १९२९ सालात गेलो. डनलॉपच्या मर्फी नावाच्या संशोधकानं स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये रबराचा चीक ताकासारखा घुसळला आणि त्याचा जो फेस झाला तो हा फोम. स्प्रिंगच्या गादीपाशी आलो. प्रत्येक स्प्रिंगला कापडाचं वेगळं झबलं शिवायची युक्ती जेम्स मार्शलची, पेटंट १९०० सालचं. यात एका बाजूला कुणी कूस बदलली तर दुसऱ्या बाजूचा माणूस गदागदा हलत नाही.

"आणि सर, हा मेमरी फोम. यावर अंतराळवीर झोपतात."

मी म्हटलं, "झोपत नाहीत हो. १९६६ साली नासासाठी चार्ल्स योस्टनं तो बनवला तो विमानातल्या आसनांसाठी. अंतराळात वजनच लागत नाही, तिथे झोळीत शिरून भिंतीला बांधून घेतात. गादी हवी कशाला?"

विक्रेता म्हणाला, "सर, तुम्ही या धंद्यात आहात का?"

मग मी खिशातून टिपण काढलं. फोमची घनता आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका घनमीटरला वजन किती भरतं ती घनता, आणि ती चांगली असली तर गादी लवकर बसत नाही, मग ती मऊ असो की कडक. गादी घ्यायच्या आधी पलंगाचं माप आतून घ्यावं, कारण सुताराचा पलंग कंपनीच्या मापाला कधी जुमानत नाही. गॅरंटी वर्षांची किती यापेक्षा किती खळगा पडला म्हणजे ते गादी बदलून देणार हे कागदावर पाहावं. १८१८ साली इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवर छत्रपतींना बसवलं, तेव्हाही गॅरंटीचा कागद होताच. १८४८ साली तीच गादी त्यांनी खालसा केली. अटी नीट वाचायच्या असतात.

आणि टिपणातलं शेवटचं कलम. ते मी दुकानात वाचणार नव्हतो. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये स्पेनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबर दुखणारी तीनशे तेरा माणसं. काहींना कडक गादी दिली, काहींना मध्यम कडक. कुणाला कोणती ते सांगितलं नाही. नव्वद दिवसांनी पाहिलं तर मध्यम गादीवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं होतं.

पण कागद हातात होता आणि ही खांद्यावरून वाचत होती.

"म्हणजे ती फळी?" तिनं विचारलं.

इतिहासाचा एवढा अभ्यास असूनही मला उत्तर सुचेना. पहिली पाच वर्षं मी सगळ्या जगाबरोबर चुकत होतो. त्यानंतरची वीसएक वर्षं एकटाच चुकत होतो. या काळात मी फ्रिज वाचला, पंखा वाचला, सोळावा लुई वाचला. फळीबद्दल दोन ओळी वाचाव्यात असं एकदाही वाटलं नाही, कारण फळीवर मी झोपत नव्हतो.

ही काही बोलली नाही. तिनं चपला काढल्या, पर्स माझ्या हातात दिली आणि मधल्या एका गादीवर, खाली घट्ट फोम आणि वर मऊ थर असलेल्या, कुशीवर आडवी झाली. अगदी घरच्यासारखी, हात गालाखाली घेऊन. लोक हातानं दाबून गादी घेतात. झोपायचं असतं कमरेनं. दोन मिनिटं झाली, पाच झाली. विक्रेता पुढच्या गादीचं नाव घेणार एवढ्यात मला एक ओळखीचा आवाज ऐकू आला. ही घोरत होती.

मी ओठांवर बोट ठेवलं. विक्रेता भला माणूस. तो कुजबुजत किंमत म्हणाला. मी कुजबुजत अर्ध्यावर आलो. तो कुजबुजत आपल्या लेकराबाळांवर गेला. घासाघीस करताना आवाज चढवता आला नाही तर माणूस किती हरतो ते त्या दिवशी कळलं. पण वीस मिनिटं ती झोपली, आणि मी पर्स घेऊन चवरी ढाळणाऱ्या सेवकासारखा बाजूला उभा राहिलो. उठली ती एका दमात उठली. हप्ते नाहीत.

चार दिवसांनी गादी घरी आली ती चक्क वळकटी होऊन! प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळलेली. हजारो वर्षांचं संशोधन करून माणूस पुन्हा वळकटीवरच आला होता. कापल्यावर ती सुस्कारा सोडून फुगली. एकच, सलग, पलंगभर. कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालं. आमच्या दोन संस्थानांचं विलीनीकरण त्या संध्याकाळी झालं. वारणा आटली. तिच्या पात्रात हरवलेला एक चष्मा आणि सव्वासात रुपयांची चिल्लर सापडली.

फळी आता माळ्यावर आहे. तिच्यावर दिवाळीच्या फराळाचे डबे ठेवायचे असं ठरलंय, पण दर चार दिवसांनी ही मला म्हणते, "एकदा झोपून तर पाहा तिच्यावर." मी एकदा खरंच झोपलो. एक रात्र. त्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही.

जुन्या गाद्या टाकवेनात. स्टेशनपलीकडे एक पिंजारी सापडला. हल्ली तो यंत्रावर पिंजतो, टँव् टँव् होत नाही, पण कापूस पाहून म्हणाला, "माल जुना आहे साहेब, चांगला आहे." त्यातून चार उशा निघाल्या. बेताच्या, डोक्याएवढ्या.